पार्श्वभूमी : पाऊस चालू आहे की पूर्ण झाला?

जुलैत नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या इंग्रजीच्या क्लासमध्ये जाऊन बसा. फळ्यावर ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मंडे’ हे वाक्य असतं, खाली काळाचं नाव: चालू पूर्ण वर्तमानकाळ. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, ‘‘सर, पाऊस चालू हाय का पूर्ण झाला? एकच काही सांगा ना.’’

पोरगं बरोबर विचारतं. गोंधळ नावातच आहे.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण 1586 मधलं. तेव्हा व्याकरण म्हणजे लॅटिनचंच, त्यामुळे साचाही तिथलाच आला. ‘परफेक्ट’ हा शब्द लॅटिनमधला, अर्थ ‘पुरा झालेला’. मराठीचं व्याकरण मराठीतून 1836 साली छापलं गेलं तेव्हा समोर इंग्रजीचा साचा होता. ‘परफेक्ट’चं ‘पूर्ण’ झालं, ‘कंटिन्युअस’चं ‘चालू’ किंवा ‘अपूर्ण’, आणि दोन्ही एकत्र आले की ‘चालू पूर्ण’. इंग्रजीत ‘हॅव’ सांगतो एवढंच, की मागे सुरू झालेल्या किंवा घडलेल्या गोष्टीचा धागा आजपर्यंत पोचला आहे. ती संपली की नाही, हा मुद्दाच नाही. ‘पूर्ण’ ऐकलं की मराठी कानाला मात्र संपलेलंच ऐकू येतं. म्हणून ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ असं चुकीचं लिहिलं जातं, कारण ‘मी काल त्याला भेटलो आहे’ मराठीत सहज चालतं.

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी यात भर घातली. कित्येक गाइडांत ‘चालू पूर्ण’ आणि ‘रीती वर्तमानकाळ’ एकच धरलेत, उदाहरण ‘मी रोज फिरायला जात असतो’. रोज फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्याचं इंग्रजी साधं आहे: ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे’. त्यात ‘हॅव बीन’ला जागाच नाही. मराठीच्या पेपरात जे उत्तर बरोबर, तेच पुढच्या पानावर इंग्रजीत चूक ठरतं. माझ्या मते निम्म्या शंका या एका जोडणीतून निघतात; बाकीच्यांत ‘पासून’चा वाटा मोठा. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ यांत मराठी फरक करत नाही, हिंदीतलं ‘से’ही करत नाही. इंग्रजी करते: सोमवारला ‘सिन्स’, दोन वर्षांना ‘फॉर’. दोन्ही भाषा बोलणाऱ्या नागपूरकराला त्यामुळे कुठूनच इशारा मिळत नाही.

शहरात इंग्रजी आली ती कचेरीतून. 1853-54 ला भोसल्यांचं राज्य गेलं, 1861 पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1923 ला विद्यापीठ आलं. त्या पिढीचं इंग्रजी म्हणजे अर्ज: ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’. (‘मी’साठी ‘शॅल’ हा नियम 1653 च्या, लॅटिनमध्ये लिहिलेल्या एका व्याकरणातला. इंग्रजांच्या बोलण्यातून तो बराचसा सुटला, आमच्या अर्जांतून नाही.) 1956 ला राजधानी गेली.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. मराठीचं काय होणार, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. नंतर सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले, मिहान या नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीतल्या नोकऱ्यांसाठी मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास निघाले. इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीत गेली, तरी काळांचा तक्ता तोच, रकानेही तेच.

आणि नागपुरी? ‘पाऊस येऊन राहिला’, ‘मी जेवून राहिलो’. चालू क्रियेसाठी इतकं ठसठशीत रूप पुस्तकी मराठीतही नाही. अडचण एकच, ते कुठेही चालतं. ‘मले समजून राहिलं’ म्हणणारा पोरगा ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणणारच, आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’सुद्धा. त्याला ‘आय ॲम हॅविंग लंच’ का चालतं, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. उत्तर असं: इथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवण मध्ये थांबवता येतं. भाऊ असणं थांबवता येत नाही. हे ‘जेवून राहिलो’वरून दोन मिनिटांत समजावता येतं. होतं मात्र असं, की सर आधी त्याचं ‘मले’ सुधारतात, ‘मला म्हण’, आणि मग इंग्रजीकडे वळतात.