उभं राहणं वेगळं, गाणं वेगळं

सोसायटीच्या झेंडावंदनाला दरवर्षी तीच माणसं, तोच घरघरणारा स्पीकर आणि तीच जिलेबी. गेल्या १५ ऑगस्टला मात्र थोडी गंमत झाली. राष्ट्रगीत ‘विंध्य हिमाचल’पर्यंत पोचलं असेल, तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक काका मागे वळले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलावर खेकसले, “काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?” मुलगा हात सरळ, टाचा जुळवून, नजर समोर, असा कडक सावधान उभा होता. फक्त गात नव्हता. नंतर जिलेबीची प्लेट हातात घेऊन काकांनी आम्हा सगळ्यांना ऐकवलं की राष्ट्रगीत न गाणं हा गुन्हा आहे, तसा कायदाच आहे.

कायदा आहे खरा. राष्ट्रप्रतिष्ठेचा अवमान रोखण्यासाठी १९७१ साली तो झाला आणि त्याचं कलम ३ राष्ट्रगीताबद्दल आहे. जो कोणी मुद्दाम राष्ट्रगीत गायला आडकाठी करेल किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणेल, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम एवढंच. ‘जो गाणार नाही त्याला’ असं त्यात कुठेही नाही. दुसऱ्याचं गाणं थांबवणं हा गुन्हा आहे. आपण गप्प राहणं नाही.

मग उभं राहायचं ते कशासाठी? ते येतं केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशांमधून: राष्ट्रगीत गायलं किंवा वाजवलं जात असेल तर श्रोत्यांनी सावधान उभं राहावं. शिवाय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलेलं आहे. तिथे शब्द ‘आदर’ असा आहे, ‘गायन’ असा नाही. आता कोणी म्हणेल की आदर करायचा तर गायला नको का? नेमक्या याच प्रश्नावर आपलं सर्वोच्च न्यायालय एकदा नीट बोललेलं आहे.

ही गोष्ट केरळमधली. एका शाळेत तीन भावंडं होती, दहावीत, नववीत आणि पाचवीत. घरचे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे. देवाखेरीज कोणाचंही स्तुतिगान करायचं नाही, अशी त्यांची श्रद्धा. मुलं रोज परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की इतरांसारखीच उभी राहत, पण गात नसत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये ते एका आमदारांच्या नजरेत आलं आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी नेमली गेली. चौकशीचा अहवाल काय आला? मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांनाही शाळेतून काढलं.

उच्च न्यायालयात मुलं हरली, आणि ती का हरली हे बघण्यासारखं आहे. राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासून न्यायालयाने म्हटलं की यात कोणाच्याही धर्मभावना दुखावतील असं काहीच नाही. बरोबरच आहे! पण मुलांचं म्हणणं ते नव्हतंच. शब्द वाईट आहेत अशी त्यांची तक्रार नव्हती. कोणतंही राष्ट्रगीत, कोणत्याही देशाचं, आपण गात नाही, एवढंच ती सांगत होती. परीक्षेत प्रश्न एक आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं, तसं झालं.

सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्यापुढे ते सरळ झालं. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकाल ११ ऑगस्ट १९८६. राष्ट्रगीत गायला भाग पाडणारा कायदा या देशात नाही. राष्ट्रगीत सुरू असताना उभं राहिलं की योग्य तो मान दिला जातो. गायनात सूर न मिसळणं म्हणजे अनादर नव्हे. मुलांना काढताना शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांचा आधार घेतला होता ती खात्यापुरती होती, त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. अनुच्छेद १९ आणि २५ ने दिलेल्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याला अशा परिपत्रकाने कात्री लावता येत नाही. मुलांना परत शाळेत घ्या, असा आदेश निघाला.

मला हा निकाल पटतो, आणि त्याचं कारण कायद्याइतकंच साध्या अनुभवातलं आहे. उभं राहणं हा चारचौघांत पाळायचा रिवाज आहे. अंत्ययात्रा समोरून गेली की आपण थांबतो, मेलेला माणूस ओळखीचा नसला तरी. त्यात कोणी आपल्याकडून कबुली घेत नाही. गाणं तसं नाही. ते स्वतःच्या तोंडून निघतं, आणि श्रद्धा आड येत असेल तर ते खोटं निघतं. शाळेत ‘राष्ट्रगीत शुरू कर’ म्हटल्यावर मागच्या रांगेत नुसते ओठ हलवणारे आम्ही सगळेच होतो. सक्तीने एवढंच मिळतं. जपानमध्ये शाळेच्या समारंभात शिक्षकांनी उभं राहून राष्ट्रगीत गावं असे लेखी आदेश निघाले, न उठणाऱ्यांना शिक्षा झाल्या, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उभं राहून गाण्याचे हे आदेश वैध ठरवले. आपण आणि ते, दोघांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या.

उभं राहण्यालाही अपवाद आहेत, हे विसरून कसं चालेल. माहितीपटात किंवा वृत्तपटात त्याचाच भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षित नाही, असं गृहमंत्रालयाचेच आदेश सांगतात. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, त्यामुळे पॉपकॉर्न पायांशी ठेवून उठायची आपल्याला सवय आहे. देशभर ते सक्तीचं झालं सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१६ च्या अंतरिम आदेशाने; ९ जानेवारी २०१८ ला त्याच न्यायालयाने ते ऐच्छिक केलं. लावायचं की नाही हे ऐच्छिक. लावलं तर मान द्यायचाच. त्या आदेशाच्याही आधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, पणजीच्या एका चित्रपटगृहात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका प्रेक्षकाला ‘उठत नाही’ म्हणून मागच्यांनी मारलं होतं. पुढे न्यायालयाला स्वतंत्रपणे सांगावं लागलं की दिव्यांगांना उभं राहण्यातून सूट आहे.

आणखी एक घोळ जाता जाता. व्हॉट्सॲपवर हिंदीतून येणाऱ्या मजकुरात ‘राष्ट्रगीत’ म्हणजे वंदे मातरम् असतं, आणि जन गण मनला ते ‘राष्ट्रगान’ म्हणतात. मराठीत जन गण मनच राष्ट्रगीत. त्यामुळे एकाबद्दलचा मजकूर दुसऱ्याला चिकटवून अर्धी भांडणं होतात.

राहता राहिले काका. कलम ३ पुन्हा एकदा वाचून बघितलं. राष्ट्रगीत चालू असताना गप्प उभा राहिलेला मुलगा त्यात कुठूनही बसत नाही. राष्ट्रगीत चालू असताना मागे वळून खेकसणारा माणूस मात्र, त्याने ते मुद्दाम केलं असं ठरलं तर, बऱ्यापैकी जवळ पोचतो. काकांना हे अजून सांगितलेलं नाही. २६ जानेवारीची जिलेबी तेच आणतात.