टँकिंग (आइस हॉकी)

टँकिंग : प्लेऑफची (विजेता ठरवणाऱ्या अखेरच्या फेऱ्यांची) आशा संपल्यावर पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रम मिळावा म्हणून संघ मुद्दाम दुबळा ठेवणे. उत्तर अमेरिकेतील बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल या खेळांतही हा प्रकार चालतो. ही नोंद अमेरिका व कॅनडातील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) आणि तिच्या चाहत्यांत दर वसंतात पेटणाऱ्या वादापुरती आहे. आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. इथे बर्फावर स्केट घालून, पक नावाच्या चपट्या रबरी चकतीने खेळली जाणारी हॉकी अभिप्रेत आहे.

एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल असा हंगाम चालतो आणि २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघ त्यात ८२ सामने खेळत आला. विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरल्यास १ गुण. दोन विभागांतले वरचे आठ-आठ असे १६ संघ स्टॅन्ले कपसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, प्लेऑफ खेळतात, उरलेले १६ घरी जातात. जूनअखेरीस ड्राफ्ट होतो. त्यात जगभरातील अठरा वर्षांच्या आसपासची मुले एकेक करून निवडली जातात आणि निवडीचा पहिला मान तळातल्या संघांना असतो. कुठल्या गावी खेळायचे हे मुलाच्या हातात नसते. पहिला ड्राफ्ट १९६३ साली मॉन्ट्रियलला झाला. श्रीमंत संघांनी सगळे गुणी खेळाडू पळवू नयेत, दुबळ्यांना वर येण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण तळाशी राहण्याला बक्षीस ठेवले की तळाशी राहावेसे वाटणारे निघणारच, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या उशिरा ध्यानात आली.

बक्षीस किती मोठे, हे पगाराच्या नियमांवरून कळते. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे आणि नवख्या खेळाडूच्या पहिल्या कराराचा पगारही १९९५ पासून बांधलेला आहे. त्यामुळे एखादा असामान्य पोरगा हाती लागला तर पहिली तीन वर्षे तो लीगमधल्या उत्तम खेळाडूंइतका खेळतो आणि पगार मात्र नवशिक्याचा घेतो. वाचलेल्या पैशात आणखी दोन चांगले खेळाडू घेता येतात. असा पोरगा दर वर्षी जन्मत नाही. म्हणूनच टँकिंगची चर्चाही दर वर्षी सारख्या जोराने होत नाही. कॉनर मॅकडेव्हिड किंवा कॉनर बेडार्ड यांच्यासारखे नाव दोन वर्षे आधीपासून गाजत असले की ती शिगेला पोचते.

आयपीएल किंवा प्रो कबड्डीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे खेळाडू लिलावात येतात आणि शेवटून पहिला आला म्हणून कोणाला आधी बोली लावता येत नाही. युरोपातल्या हॉकीत तर उलटाच धाक आहे : स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये तळाला गेलेल्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलले जाण्याची भीती असते. तिथल्या चाहत्याला मार्चमध्ये झोप लागत नाही ती जिंकण्याच्या काळजीने.

हरतो कोण, याबद्दल बाहेरच्या वाचकाचा हमखास गैरसमज होतो. बर्फावरचे खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. पुढच्या वर्षीचा करार, बोनस आणि संघातली जागा सगळे त्यांच्या आजच्या खेळावर ठरते. ड्राफ्टमध्ये जो नवा हिरा येईल तो यांच्यापैकीच कोणाची तरी जागा घेणार असतो. प्रशिक्षकाचेही तसेच, सलग हरणाऱ्याची नोकरी सहसा टिकत नाही. हरण्याची तजवीज होते ती जनरल मॅनेजरच्या कार्यालयात. मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्याआधी अनुभवी बचावपटू आणि चांगला गोलरक्षक विकून टाकायचे, बदल्यात भविष्यातल्या निवडी घ्यायच्या, आणि दुय्यम अमेरिकन हॉकी लीगमधून पोरे वर आणायची. मग संघाने जीव तोडून खेळले तरी आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. कधीकधी मात्र हीच पोरे नाव कमावण्याच्या ईर्ष्येने एप्रिलमध्ये चार सामने जिंकून देतात आणि हिशेब मांडून बसलेले चाहते कपाळाला हात लावतात.

या प्रकाराचे ठळक उदाहरण १९८३-८४ च्या हंगामातले. क्युबेकच्या ज्युनियर लीगमध्ये लावाल संघाकडून मारिओ लेम्यू याने ७० सामन्यांत १३३ गोल आणि (गोल व गोलसाहाय्य मिळून) एकूण २८२ गुण केले होते. तेव्हा पहिली निवड कोणाची हे ठरवणारी सोडत नव्हती. शेवटच्या क्रमांकाला पहिली निवड, असा सरळ व्यवहार. पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांची तळासाठी शर्यत लागली. पिट्सबर्गचे जनरल मॅनेजर एडी जॉन्स्टन यांनी बचावपटू रँडी कार्लाइल याला विनिपेगला पाठवले. गोलरक्षक रॉबेर्तो रोमानो बरा खेळत होता, तर त्याला खालच्या लीगमध्ये धाडून व्हिन्सेंट ट्राम्ब्ले याला वर आणले. त्याने चार सामन्यांत २४ गोल खाल्ले. हंगामअखेर पिट्सबर्गचे ३८ गुण झाले, न्यू जर्सीचे ४१. प्रशिक्षक लू अँगॉटी यांनी हा सारा बेत पुढे बऱ्याच वर्षांनी उघडपणे मान्य केला. पैशाअभावी पिट्सबर्गचा संघ तेव्हा डबघाईला आला होता. लेम्यूने पहिल्याच सामन्यात, पहिल्याच फटक्यावर गोल केला, १९९१ व १९९२ मध्ये स्टॅन्ले कप आणला आणि १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघालेला संघ मालक होऊन वाचवला. टँकिंगच्या समर्थकाला यापुढे दुसरा दाखला द्यावा लागत नाही. अडचण एवढीच की तो दाखला सोडतीच्या आधीच्या काळातला आहे.

सोडत आली ती ओटावामुळे. १९९२-९३ मध्ये ओटावा सेनेटर्स आणि सॅन होजे शार्क्स दोघांचे २४-२४ गुण झाले. ओटावाचे विजय १० आणि सॅन होजेचे ११, म्हणून ओटावा शेवटचा. हंगाम संपल्यावर संघाचे संस्थापक ब्रूस फायरस्टोन यांनी पत्रकारांपुढे सैल जिभेने काही बोलल्याचे प्रसिद्ध झाले. लीगने चौकशी केली. मुद्दाम हरल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी त्या बोलण्यापायी क्लबला १ लाख डॉलर दंड झाला. ज्याच्यासाठी हे घडले तो अलेक्झांडर डेग पहिला निवडला गेला आणि त्याची कारकीर्द साधारणच राहिली. दुसऱ्या क्रमांकावर हार्टफर्डने घेतलेला क्रिस प्राँगर मात्र पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. १९९५ च्या ड्राफ्टपासून एनएचएलने भारित सोडत सुरू केली : तळाच्या संघाला संधी जास्त, पण खात्री नाही.

चाहत्यांच्या वादाला आजचे रूप आले ते २०१४-१५ मध्ये, बफेलोत. बफेलो सेबर्स आदल्या वर्षीही शेवटचे होते, पण सोडतीत पहिली निवड फ्लोरिडाकडे गेली आणि बफेलोला दुसऱ्या क्रमांकावर सॅम राइनहार्टवर समाधान मानावे लागले. या खेपेस बाजारात मॅकडेव्हिड होता आणि त्याच्या मागोमाग जॅक आयकेल. तळाच्या संघाला फार तर एक पायरी खाली यावे लागे, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळवला की दोघांपैकी एक नक्की. जनरल मॅनेजर टिम मरी यांनी योनास एनरोथ आणि मिखाल नॉयव्हिर्ट हे दोन्ही गोलरक्षक हंगामातच विकले आणि दुखापतीमुळे त्या वर्षी खेळूच न शकणारा इव्हँडर केन विकत आणला. २६ मार्च २०१५ रोजी तळातला दुसरा संघ ॲरिझोना बफेलोत खेळायला आला. सामना जादा वेळेत गेला, ॲरिझोनाच्या सॅम गॅन्येने गोल करून ४-३ असा जिंकला, आणि घरच्या प्रेक्षकांतून जल्लोष उठला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांनी पाहुण्यांच्या गोलावर टाळ्या वाजवल्या, हे बफेलोच्या खेळाडूंना जिव्हारी लागले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले.

बफेलो ५४ गुणांनी शेवटचा आला. सोडतीत त्याची संधी २० टक्के होती, ११.५ टक्क्यांवरच्या एडमंटनने बाजी मारून मॅकडेव्हिडला नेले. आयकेल बफेलोला मिळाला, सहा हंगाम खेळला, पण त्यांच्याकडून प्लेऑफचा एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. २०२१ मध्ये तो व्हेगासला गेला आणि २०२३ मध्ये कप जिंकला. राइनहार्ट फ्लोरिडाला गेला. २०२४ च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात निर्णायक गोल त्याचाच, आणि समोर होता मॅकडेव्हिडचा एडमंटन. बफेलो २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिला. एनएचएलच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्या संघाने पाहिलेला नाही.

चाहत्यांत साधारणपणे दोन तट पडतात. ‘टँक’वाले गुणतक्ता उलटा धरून वाचतात, आपल्या संघाने हरावे म्हणून देव पाण्यात घालून बसतात, संगणकावर सोडतीचा खेळ पुन्हा पुन्हा खेळून पाहतात. त्यांच्या घोषणाही यमकबद्ध : टेलर हॉलसाठी ‘फॉल फॉर हॉल’, नेल याकुपोव्हसाठी ‘फेल फॉर नेल’, मॅकडेव्हिडसाठी ‘डिसऑनर फॉर कॉनर’, जॅक ह्यूजसाठी ‘लूज फॉर ह्यूज’. त्यांचे म्हणणे असे की सर्वांत वाईट ना शेवटचा ना पहिला, मधला क्रमांक. आपल्या विभागात नववे-दहावे येऊन ना कप मिळतो ना खेळाडू. एप्रिलमधल्या निरर्थक विजयाचा आनंद रात्रभराचा आणि गमावलेल्या निवडीचे दुःख दहा वर्षांचे.

दुसरा तट म्हणतो की हे हातचे सोडून पळत्यापाठी लागणे आहे. तिकिटाचे पैसे पूर्ण घेऊन अर्धा संघ उभा करणे हा प्रेक्षकाचा विश्वासघात आहे, तळातला संघ प्लेऑफच्या दारातल्या एका संघापुढे नांगी टाकतो तेव्हा दुसऱ्या निर्दोष संघाचा बळी जातो, आणि हरण्याची सवय लागलेल्या संघात आलेला तरुण खेळाडूही हरायलाच शिकतो. यातला शेवटचा मुद्दा पूर्वी भाबडा समजला जाई. एडमंटनने २०१०, २०११ व २०१२ अशा लागोपाठ तीन वर्षी पहिली निवड मिळवूनही २०१७ पर्यंत प्लेऑफ पाहिले नाही, तेव्हापासून त्याला वजन आले. सेंट लुइस ब्लूज ३ जानेवारी २०१९ ला संपूर्ण लीगमध्ये शेवटचे होते आणि त्याच जूनमध्ये त्यांनी कप उचलला, हाही या बाजूचा आवडता दाखला; असे मात्र विरळाच घडते.

कोलोरॅडोचे उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. २०१६-१७ मध्ये ४८ गुणांसह ते शेवटचे आले आणि सोडतीत थेट चौथ्या क्रमांकावर घसरले. हळहळ झाली. त्या चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकार याला घेतले. २०२२ मध्ये कप जिंकताना प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. सोडतीने दगा दिला म्हणून त्यांचे भले झाले, असेच म्हणावे लागते. २०१३ ते २०२५ या १३ ड्राफ्टांपैकी तळाच्या संघाच्या वाट्याची निवड पहिली ठरली ती अवघ्या पाच वेळा : २०१६, २०१८, २०२१, २०२२ आणि २०२४. एवढ्या हिशेबावर हंगाम उधळावा का, हा प्रश्न समर्थकांनीही स्वतःला विचारायला हरकत नाही.

लीगने संधीचे आकडे सतत हलवले. २०१३ पासून प्लेऑफबाहेरच्या सर्व संघांना पहिल्या निवडीची संधी मिळाली, २०१६ पासून पहिल्या तिन्ही जागा सोडतीने ठरू लागल्या. मग २०२० मध्ये ३९ गुणांवर रखडलेले डेट्रॉइट चौथ्या जागी फेकले गेले आणि पहिली निवड न्यूयॉर्क रेंजर्सना मिळाली, तेव्हा खऱ्याखुऱ्या दुबळ्या संघावर अन्याय होतो अशी उलटी ओरड झाली. २०२१ पासून सोडत पहिल्या दोनच जागांसाठी असते, त्यामुळे शेवटचा संघ तिसऱ्याच्या खाली जात नाही. २०२२ पासून सोडतीतून कोणी दहापेक्षा जास्त जागा वर चढू शकत नाही आणि पाच वर्षांत दोनदाच सोडत जिंकता येते. शेवटच्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता आता २५.५ टक्के आहे.

सगळ्यात धाडसी तोडगा एनएचएलबाहेर अमलात आला. ॲडम गोल्ड या संशोधकाने २०१२ मध्ये सुचवले होते की प्लेऑफमधून बाद झाल्यानंतर संघ जे गुण मिळवेल त्यांवर ड्राफ्टचा क्रम ठरवावा. दुबळा संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण जमवायला सामने जास्त मिळतात. पण ते जिंकावे लागतात. ‘गोल्ड प्लॅन’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत महिलांच्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगने (पीडब्ल्यूएचएल) २०२४ च्या पहिल्याच हंगामापासून स्वीकारली. सहा संघांपैकी दोनच बाद होत असल्याने शर्यत न्यूयॉर्क आणि ओटावा यांच्यातच होती. न्यूयॉर्कने ती जिंकून सेरा फिलियर हिला पहिली निवडले. गुणतक्त्यात शेवटचा संघही न्यूयॉर्कच होता.