वेलीला दिलेली खोटी चाहूल

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की नाशिक-सांगलीकडे जो तो द्राक्षबागेत पानं उलटून बघत फिरतो. वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या मागे पांढरी बुरशी दिसली, म्हणजे केवडा हा रोग (डाउनी मिल्ड्यू) आला. मग फवारणीच्या ब्लोअरला उसंत नाही.

हा केवडा मूळचा अमेरिकेतला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये सापडला. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पुढे आलं. चोरांचे उपकारच म्हणायचे! पण मोरचुदातलं तांबं मातीत साचत जातं. युरोपीय संघाने आता त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

गंमत अशी, की वेल स्वतः काही निःशस्त्र नाही. लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं, की रोग लागलेलं पान रेस्व्हेराट्रॉल नावाचं बचावाचं रसायन तयार करतं. अतिनील दिव्याखाली हे रसायन निळसर चमकतं. त्याचा स्वतःचा मारा तसा बेताचाच. त्यापासून बनणारी व्हिनिफेरिन नावाची रसायनं मात्र केवड्याला चांगलीच भोवतात. शिवाय बुरशीची पेशीभिंत कातरणारी विकरंही (एन्झाइम) वेलीकडे असतात.

अडचण वेळेची आहे. केवड्याचे बीजाणू पानावरच्या ओलीत अक्षरशः पोहत पर्णरंध्रापाशी येतात आणि आत शिरतात. केवड्यासोबत वाढलेल्या अमेरिकेतल्या कित्येक रानवेली त्याला चटकन ओळखतात. आपली थॉमसन द्राक्षाची वेल ज्या युरोपीय जातीतली, तिला मात्र या पाहुण्याची ओळख पटेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग तिला आधीच खोटी चाहूल दिली तर? समुद्रातल्या तपकिरी शेवाळात लॅमिनारिन नावाची साखरेची साखळी असते. केवड्याच्या पेशीभिंतीतही तशाच जोडणीच्या साखळ्या असतात. लॅमिनारिनचा रेणू पेशीला भिडला की तिला वाटतं, शत्रूची भिंत फुटून तुकडे आले. काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम घुसतं आणि बचावाची जनुकं जागी होतात. लॅमिनारिन स्वतः केवड्याला मारत नाही. निर्यातीच्या मालात औषधाचे अंश सापडण्याची धास्ती घेतलेल्या बागायतदाराला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळेत हे छान जमतं, बागेत तितकं नाही. पानावर मेणाचा थर असतो आणि पाण्यात विरघळणारी ही लांब साखळी त्यातून सहज आत जात नाही. पान कोवळं की जून, वेलीवर पाण्याचा ताण आहे का, यावरही परिणाम बदलतो. बचावाला लागणारी ऊर्जा वेलीच्याच खिशातून जाते, म्हणून तिला सतत दचकवत ठेवणंही परवडत नाही. आणि फवारणी करायची ती पान निरोगी असताना. एकदा तेलकट डाग दिसला, की पुन्हा मोरचूद भिजत घालण्याची वेळ येते.