आइल ऑफ वाइट, १९७०: पंचवीस वर्षं अडकून पडलेली रिळं

जिम मॉरिसन माइकला धरून जवळपास एकाच जागी उभा आहे. रंगमंचावर उजेड जेमतेम, तोही तांबडा. ‘द डोअर्स’ या त्याच्या अमेरिकन रॉक बँडचं हे चित्रीकरण २०१८ मध्ये नीट दुरुस्त होऊन बाहेर आलं आणि चाहत्यांमध्ये जुनाच वाद नव्याने पेटला. रंगमंचावरच्या असभ्य वर्तनाबद्दल मियामीत चाललेल्या खटल्याने मॉरिसन खचला होता हे त्याच्या उभं राहण्यातच दिसतं, असं काहीजण म्हणाले. इतरांनी आवाजाकडे बोट दाखवलं, कारण आवाज शाबूत आहे आणि ‘द एंड’ हे गाणं अंगावर येतं. उजेड कमी असण्याचं कारण मात्र साधं आहे. चित्रपटासाठी लावलेले प्रखर दिवे बँडला नको होते. १९७१ च्या जुलैत पॅरिसमध्ये मॉरिसन वारला, आणि डोअर्सची चित्रित झालेली ही शेवटची ज्ञात मैफल ठरली.

ही मैफल १९७० च्या ऑगस्टमधली. ती पडद्यावर पूर्ण यायला ४७ वर्षं का लागली, हे समजून घ्यायचं तर त्या बेटावर जावं लागेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट या बेटावर रॉन, रे आणि बिल फोक या भावांनी १९६८ पासून महोत्सव भरवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकन गायक बॉब डिलनला आणलं. अमेरिकेतला वुडस्टॉकचा महोत्सव डिलनच्या घराजवळच्या गावाच्या नावाने भरला, पण तो तिकडे फिरकला नाही आणि दोन आठवड्यांत इथे येऊन गायला. साहजिकच १९७० साठी अपेक्षा आभाळाला टेकल्या. जिमी हेंड्रिक्स, द हू, डोअर्स, माइल्स डेव्हिस, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन, जेथ्रो टल अशी नावं एका तिकिटावर आली, आणि तिकीट तीन पौंडांचं. बेटाच्या पश्चिम टोकाकडच्या अॅफ्टन डाउन इथे सहा लाख लोक जमले असं सांगितलं जातं. तो अंदाजच आहे आणि मला तो फुगलेला वाटतो. पण बेटाची स्वतःची वस्ती लाखभर, तेव्हा आकडा निम्मा धरला तरी तिथे काय झालं असेल ते कळतं.

गोंधळाचं मूळ जागेतच होतं. मैदानाला लागून उंच टेकडी होती. तिच्यावर बसलं की तिकीट न काढता सगळं दिसायचं, ऐकू यायचं. तिथे हजारोंनी मुक्काम ठोकला. संगीत सर्वांना फुकट हवं, कुंपण कशाला, अशी मागणी वाढत गेली, पत्र्याची कुंपणं पाडली गेली आणि अखेरीस आयोजकांना महोत्सव मोफत जाहीर करावा लागला. कलाकारांचं मानधन, दिवे, ध्वनियंत्रणा, शौचालयं यांचा खर्च तिकिटांतून निघायचा होता. तो निघाला नाही.

या सगळ्याचं चित्रीकरण मरे लर्नर हा अमेरिकन दिग्दर्शक करत होता. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाचं चित्रण त्याने आधी केलं होतं. १९६५ मध्ये डिलन तिथे इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तो प्रसंग त्याच्याच कॅमेऱ्यांनी टिपला. वुडस्टॉकचा चित्रपट १९७० च्या मार्चमध्ये आला आणि त्याने बक्कळ कमाई केली. आइल ऑफ वाइटचंही तसंच होईल असं वाटणं त्या उन्हाळ्यात स्वाभाविक होतं. पण महोत्सव तोट्यात गेला, पैशांचे आणि हक्कांचे वाद सुरू झाले आणि चित्रपट पुरा करायला कुणी पैसे घालेना. त्यातच १९६९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात ऑल्टमाँटला मैफल चालू असताना एका तरुणाचा भोसकून खून झाला होता. कुंपणं पाडणाऱ्या गर्दीची गोष्ट विकत घ्यायला बाजार उत्सुक नव्हता. रिळं डब्यांत राहिली. लर्नरचा ‘मेसेज टू लव्ह’ पडद्यावर आला तो १९९५ मध्ये.

अशा चित्रीकरणाला ‘दुर्मीळ’ म्हटलं जातं, पण त्या शब्दाने आपली समजूत चुकते असं मला वाटतं. रिळं हरवलेली नव्हती, जळालेली नव्हती. एका मैफलीचं चित्रीकरण दाखवायचं तर कलाकाराची संमती लागते, ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचं तिची लागते, गीत-संगीताचे हक्क ज्यांच्याकडे त्यांची लागते. बँड फुटलेला असेल, कुणी वारलं असेल, तर वारसांशी बोलणी आली. म्हणून ही रिळं एकदम सुटली नाहीत. हेंड्रिक्सची मैफल सविस्तर २००२ मध्ये आली, कोहेनची २००९ मध्ये. गिटारवादक रोरी गॅलागरने महोत्सवात ‘टेस्ट’ या आपल्या बँडबरोबर असं काही वाजवलं की लोक त्याला परत परत बोलावत राहिले. बँड त्याच वर्षी फुटला. रोरी १९९५ मध्ये गेला आणि टेस्टवरचा, त्या मैफलीचा चित्रपट आला २०१५ मध्ये.

दुसरी अडचण यंत्राची होती. त्या काळच्या हातातल्या कॅमेऱ्यात एक रीळ दहा-अकरा मिनिटं चालायचं. ते बदलेपर्यंत गाणं निघून जायचं. फिल्म महाग, म्हणून सगळंच टिपण्याची चैन नव्हती. कुणाचं टिपायचं हे कॅमेरामनने ठरवायचं आणि कुणाचं ठेवायचं हे संकलकाने. याचा फटका आपल्याही माणसांना बसला. १९६९ च्या १५ ऑगस्टच्या रात्री वुडस्टॉकला पंडित रविशंकर पावसात वाजवत होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. त्या जगप्रसिद्ध चित्रपटात ते नाहीत.

त्यामुळे चाहते असं चित्रीकरण पाहताना आधी ऐकीव गोष्टी तपासतात. हेंड्रिक्स ३१ ऑगस्टला पहाटे रंगमंचावर आला, पहारेकऱ्यांच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं त्याच्या अॅम्प्लिफायरमधून ऐकू येत होतं, तो वैतागला होता, हे सगळं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १८ दिवसांनी तो लंडनमध्ये वारला, म्हणून ती मैफल म्हणजे विझत चाललेला माणूस, असंही. आता ती मैफल सविस्तर पाहता येते. सुरुवातीला तो खरंच अडखळतो. पण ‘मशीन गन’ हे गाणं पाहा. तिथे त्याच्या हातात तक्रार करण्यासारखं काही नाही.

जोनी मिचेलच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. शनिवारी भर दुपारी ती एकटी त्या गर्दीपुढे बसली होती. एक माणूस रंगमंचावर चढला, त्याला ओढून नेलं, लोक हुर्यो करू लागले, आणि तिने भरल्या गळ्याने त्यांना सुनावलं की कलाकाराला थोडा मान द्या. ‘मेसेज टू लव्ह’ने हा प्रसंग दाखवला, आणि दोन दशकांहून जास्त काळ तिची ती दुपार म्हणजे हे रडणं, असं समीकरण होऊन बसलं.

लर्नर २०१७ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला. पुढच्या वर्षी जोनीची मैफल सविस्तर बाहेर आली. त्यात दिसतं की ती उठून गेली नाही. गर्दीला सुनावल्यानंतर ती गातच राहिली, ‘ब्लू’ या अल्बमवर पुढच्या वर्षी आलेली गाणीसुद्धा गायली, आणि शेवटी तेच लोक तिला थांबू देईनात.