ब्राझिलियानाइट घेताय? हा पुखराज नव्हे

पिवळसर हिरवा, लख्ख पारदर्शक खडा पाहिला की पहिला प्रश्न हमखास येतो: पुखराजाच्या जागी चालेल का? नाही चालणार. १० च्या मोजपट्टीवर पुखराजाची (पिवळ्या नीलमाची) कठीणता ९, ब्राझिलियानाइटची जेमतेम ५.५. संग्राहकांना तो हवा असतो तो रंगासाठी, रेखीव स्फटिकासाठी आणि दुर्मिळपणासाठी.

हा सोडियम-ॲल्युमिनियमचा फॉस्फेट. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या नमुन्यांवरून १९४५ मध्ये त्याची वेगळं खनिज म्हणून नोंद झाली. आधी तो क्रायसोबेरिल हे दुसरंच रत्न समजला गेला होता. तो पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकाच्या शिरांमध्ये तयार होतो, त्यामुळे वऱ्हाडातल्या काळ्या पाषाणात मिळायचा नाही. नाल्यात सापडलेला पिवळा खडा दाखवायला जरूर आणा, पण तो बहुधा गारगोटी नाहीतर कॅल्साइट निघतो.

बरीचशी खात्री घरीच करता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. खड्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने खडा पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, काठाला टेकू देऊ नका. आता दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. १.४९ ग्रॅमच्या खड्याला ०.५० आलं, म्हणजे घनता २.९८: ब्राझिलियानाइटशी जुळते. इतर पिवळ्या खड्यांची घनता वेगळी: सिट्रीन २.६५, ॲपेटाइट ३.२, टोपाझ ३.५, क्रायसोबेरिल ३.७, पुखराज ४.० च्या आसपास. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर घनता कमी येते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. खडा ग्रॅमभरापेक्षा लहान असेल तर हा काटा पुरत नाही, सराफाकडचा ०.००१ चा लागतो. काचेची घनता मात्र कितीही असू शकते, तेवढ्यासाठी भिंगातून आत गोल बुडबुडे आहेत का पाहा.

पेंडंट किंवा कानातले करा, रोजची अंगठी नको. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका. तिच्यातले गारगोटीचे कण कठीणतेत ७ चे, ओरखडे पाडतातच. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, बस. बोअरचं पाणी खड्यावर वाळू दिलं तर क्षाराचे पांढरे डाग बसतात. अल्ट्रासोनिक यंत्राने किंवा वाफेने सफाई, दोन्ही टाळा: याला एका दिशेने सरळ चीर जाते. दागिना डाग देऊन सांधायचा असेल तर सोनाराला आधी खडा काढायला सांगा, कारण आचेने याचा रंग उडतो. खडकासकट असलेला नमुना सुट्या कापसात कधीच गुंडाळू नका. तंतू स्फटिकाच्या कडांना अडकतात आणि ओढताना टोकं तुटतात. टिश्यू कागद आणि घट्ट डबी बरी.