सुपरहिरो कॉमिक्समधील कुटुंबत्याग व पश्चात्ताप

सुपरहिरो कॉमिक्समधील कुटुंबत्याग व पश्चात्ताप : अचाट शक्ती अंगी असूनही घरच्या माणसाला वाचवता आले नाही, किंवा जगाला वाचवण्यासाठी घरावर पाणी सोडावे लागले, या दुःखावर उभी असलेली चित्रकथा. तिला दुकानात वेगळे कपाट मिळत नाही. मारामारीच्या अंकांतच ती अधूनमधून सापडते. त्याग आणि पश्चात्ताप हे शब्द तिच्या बाबतीत जोडीने येतात, पण जन्म एकदम झालेला नाही. त्याग आधी आला; पश्चात्तापाला पुढे चोवीस वर्षे लागली.

जून १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला. फुटू घातलेल्या ग्रहावरून आईबाप तान्ह्या मुलाला यानात घालून पाठवून देतात आणि स्वतः मागे राहतात, ही त्याची जन्मकथा. ओल्या टोपलीतला कृष्ण आणि नदीत सोडलेला कर्ण ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ती ओळखीची वाटते यात नवल नाही. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, बॅटमॅन आला. मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात तो प्रथम दिसला आणि डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांचा खून झाल्याची हकिकत नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकात आली. दोघेही पोरके, पण दोघांचाही दोष शून्य. दुःख आहे, सूड आहे, टोचणी नाही. ‘माझ्यामुळे झाले’ हे वाक्य अजून या कथांत कोणी उच्चारलेले नव्हते.

ते उच्चारले स्पायडरमॅनने. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची ही कथा ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात आली आणि ती अवघ्या ११ पानांची आहे. नव्याने शक्ती मिळालेला पीटर पार्कर टीव्हीवर नाव कमावत असतो. समोरून पळणाऱ्या चोराला तो सहज अडवू शकला असता. आपल्याला काय करायचे, म्हणून जाऊ देतो. त्याच चोराच्या हातून पुढे पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांचा जीव जातो. शेवटच्या चौकटीत पीटर पाठमोरा रस्त्याने चालत जातो आणि मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे सुप्रसिद्ध वाक्य येते. ते मूळ अंकात बेनकाकांच्या तोंडी नाही, निवेदकाच्या चौकोनात आहे. काकांना ते नंतरच्या पुनर्कथनांनी बहाल केले. फरक बारीक वाटेल, पण आहे मोठा. काकांनी आधी बजावले असते तर पीटर आज्ञा मोडणारा पुतण्या ठरला असता. मूळ कथेत त्याला कोणी काही सांगितलेलेच नाही. त्याचे त्यालाच कळते, आणि तेही वेळ निघून गेल्यावर.

पुण्याच्या वाचकाला इथे एक अडचण येते. काका-पुतण्याची गोष्ट या शहरात उलटी प्रसिद्ध आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. ‘काका, मला वाचवा’ ही त्याची हाक आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. तिथे काका जिवंत राहतो आणि पुतण्या जातो. राघोबादादांना या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असे रामशास्त्री प्रभुण्यांनी बजावल्याचे परंपरा सांगते. म्हणजे न्यायाधीश होता, शिक्षा ठरलेली होती. ती अमलात आली नाही हा भाग निराळा. पीटरला रामशास्त्री नाही. स्वतःची शिक्षा त्याने स्वतःच ठरवली, आणि ती संपण्याची तारीख घातली नाही. पुढचे सगळे अंक म्हणजे तेच प्रायश्चित्त.

या प्रकारातली सर्वांत जास्त चर्चा झालेली चौकट ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ मालिकेच्या जून १९७३च्या १२१ व्या अंकात आहे. लेखक जेरी कॉनवे, चित्रे गिल केन यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. पीटर जाळे सोडतो, ते तिच्या पायाला चिकटते, ती पाण्यावर आपटायच्या आत थांबते. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मग लक्ष जाते ते तिच्या मानेपाशी छापलेल्या बारक्या अक्षरांकडे : काडी मोडावी तसा आवाज. पुढच्या चौकटींत पीटर तिला वर ओढतो आणि स्वतःच्या चपळाईची फुशारकी मारतो, कारण त्याने ती अक्षरे वाचलेली नाहीत. ती फक्त आपण वाचलेली आहेत. चित्रकथेला जे जमते आणि नाटका-कादंबरीला सहसा जमत नाही ते हेच. आवाज कागदावर पडून राहतो. मागे जाऊन पुन्हा पाहता येतो. पडण्याने मेली की झेलण्याने, हा वाद वाचकांनी वर्षानुवर्षे घातला. अचानक थांबल्याच्या हिसक्याने मान मोडली असा खुलासा पुढे मालिकेच्या संपादकांनी केला. जाता जाता : मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हटला आहे, चित्रात उघडपणे ब्रुकलिन ब्रिज दिसतो. पुणेकर वाचकाने ही चूक नक्की काढली असती.

त्याग आणि पश्चात्ताप दोन्ही एकाच अंकात, आणि तेही एकही घरचा माणूस प्रत्यक्ष न मारता, आणून दाखवले १९८५च्या सुपरमॅन वार्षिकांकाने (क्रमांक ११). अ‍ॅलन मूर यांचे लेखन, डेव्ह गिबन्स यांची चित्रे. प्रसंग सुपरमॅनच्या वाढदिवसाचा, २९ फेब्रुवारीचा. बर्फातल्या त्याच्या एकांतगृहात बॅटमॅन, त्याचा पोरसवदा साथीदार रॉबिन आणि वंडर वूमन भेटवस्तू घेऊन येतात, तर तो पुतळ्यासारखा उभा; छातीवर एक परकी वनस्पती मुळे रोवून बसलेली. शत्रूने पाठवलेली ही वेल माणसाला त्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा पुरवते, स्वप्नात. सुपरमॅनची इच्छा जगाचे राज्य नाही. ग्रह फुटलाच नाही, तो तिथेच वाढला, लग्न झाले, वान नावाचा मुलगा आणि ऑर्ना नावाची मुलगी आहे, संध्याकाळी घरी येतो. बस, एवढेच.

मूर यांची हुशारी अशी की या स्वप्नालाही त्यांनी वाळवी लावली. ग्रह न फुटल्यामुळे बाप जॉर-एलचे भाकीत खोटे ठरले आहे. तो हेटाळणीने कडवट झालेला, कडव्या राजकारणात शिरलेला म्हातारा आहे. मुलाचा जीव वाचवणारा थोर बाप ग्रह वाचल्यावर मात्र घरात नकोसा होतो. शेवटी सुपरमॅनला उमगते की हे खरे नाही, आणि बाहेर पडायचे तर ते मान्य करावे लागेल. विवराच्या काठावर तो छोट्या वानला जवळ घेतो. त्याच्या जन्माच्या वेळी आपण तिथे होतो, तो आपल्याला किती प्रिय आहे, हे सांगतो, आणि मग तो खरा आहे असे आता वाटत नाही, हेही. मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ विरघळत जातो. नसलेल्या मुलाचा हा त्याग आहे, आणि तरी वाचताना गळा दाटतो. जाग आल्यावर सुपरमॅन रागाने असा पेटतो की पुढची मारामारी पहिल्यांदा समर्थनीय वाटते. बॅटमॅनने भेट म्हणून त्या फुटलेल्या ग्रहाच्या नावाचा, ‘क्रिप्टॉन’ हा नवा गुलाब तयार करून आणलेला असतो. धुमश्चक्रीत तो चिरडला जातो. कदाचित बरेच झाले, अशा अर्थाचे सुपरमॅन बोलतो. अंकातला सर्वांत जड क्षण हा, आणि तो एका कुंडीवर खर्च केला आहे.

१९८८ मध्ये पश्चात्तापाचा वाटा वाचकांनाही मिळाला. दुसरा रॉबिन जेसन टॉड सख्ख्या आईला शोधत जातो, तीच त्याला बॅटमॅनचा हाडवैरी जोकर याच्या हवाली करते, आणि स्फोटाच्या वेळी तो तिलाच पाठीशी घालतो. तो जगावा की मरावा, हे प्रकाशकांनी दोन फोन क्रमांक छापून लोकांना विचारले. मरावा : ५,३४३. जगावा : ५,२७१. केवळ ७२ मतांनी पोरगा गेला. एका फोनला पन्नास सेंट पडत. कल्पना बाजारू होती यात शंका नाही, परंतु मुलाचे कलेवर उचलून आणणाऱ्या बॅटमॅनच्या चित्राकडे पाहताना अपराधी कोण याची यादी एकाएकी लांबली, हेही खरे. २००५ मध्ये जेसन जिवंत परतला. आपला सूड बापाच्या जागी असलेल्या बॅटमॅनने का घेतला नाही, हा त्याचा सवाल होता.

हे परतणे या प्रकाराचे दुखणे आहे. अंक दर महिन्याला निघायचा असतो, नायक म्हातारा होऊ शकत नाही, म्हणून दुःख निवू द्यायचे नाही असा धंद्याचाच नियम ठरतो. वर्षश्राद्ध होते, तेरावा कधी होत नाही. बेनकाका गेल्याला छापील जगात साठ वर्षे उलटली, तरी पीटरच्या मनात ती कालची गोष्ट असते. भाबड्या वाचकाला ही निष्ठा वाटते. थोडा मुरलेला वाचक तिला विक्री म्हणतो. दोघांचेही बरोबर आहे.

मराठी वाचकाची गाठ मात्र आधी पडली ती अपवादाशी. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाला, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी. मार्च १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो भारतात निघू लागला आणि मराठीत वेताळ झाला. पुण्यात हे नाव आधीच व्यापलेले होते. शहराच्या पश्चिमेला सुमारे ८०० मीटर उंचीच्या वेताळ टेकडीवर शेंदूर फासलेला वेताळ बसलेला आहेच. कॉमिक्सचा वेताळ जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत. इथे नायक मरतो. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळाने १५३६ मध्ये शपथ घेतली, आणि वेश बापाकडून मुलाकडे जात एकविसाव्या पिढीपर्यंत आला. मुलगा शिकायला परदेशी जातो, निरोप येतो की बाप अखेरच्या घटका मोजतोय, मुलगा सगळे टाकून परत येतो. गुहेत पूर्वजांच्या समाध्या ओळीने आहेत. आपली जागा कुठे हे त्याला ठाऊक असते. त्यागाला इथे वारसाहक्काचे रूप आहे, त्यामुळे टोचणी कमी. वाट पाहणे मात्र बायकांच्या वाट्याला : पहिल्याच कथेत आलेल्या त्याच्या प्रेयसीचे, डायनाचे, त्याच्याशी लग्न १९७७ मध्ये लागले. एकेचाळीस वर्षांनी! जुळी मुले १९७९ मध्ये झाली. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले.

हिंदीतून आलेल्या नायकांत नागराज (१९८६) मोठा. त्याच्या पहिल्या अंकांची चित्रे प्रताप मुळीक यांची, अमर चित्रकथेचे अनेक अंक रंगवणारे पुण्याचे चित्रकार. त्यापाठोपाठ १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला. सर्कशीतले आईवडील आगीत गेल्यावर एका पोलीस अधिकाऱ्याने वाढवलेला. पोरकेपण अमेरिकी घाटाचे, पण नवे घर लगेच मिळते, बहिणीसकट. हिंदी कॉमिक्सने नायकाला फार काळ जेवणाच्या ताटावर एकटे बसू दिले नाही.

त्यागाची मराठी कसोटी पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसते. ‘आधी लगीन कोंडाण्याचे, मग रायबाचे’ म्हणत तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर पडले. ‘गड आला पण सिंह गेला’ ही हळहळ परंपरेने महाराजांच्या तोंडी घातली आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. रायबाचे लग्न महाराजांनी लावून दिले, हेही आजी सांगतेच. मागे राहिलेल्यांची जबाबदारी कोणीतरी उचलते. अमेरिकी सुपरहिरोच्या जगात रायबाचे लग्न लावायला कोणी येत नाही. पीटरच्या मे काकूला घरभाडे भरायचे असते आणि पुतण्या छपरांवरून उड्या मारत असतो.

पुण्यात हे अंक वाचले गेले ते मे महिन्याच्या सुट्टीत, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, रद्दीच्या दुकानांत, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. तिथे क्रम नसतो. स्टेपल गंजलेली, मधली पाने निसटलेली, मुखपृष्ठावर कुण्या पोराने बॉलपेनने गिरवलेले नाव. १२१ च्या आधी १२२ हाती लागतो, आणि ग्वेन गेलेली आहे हे आधी कळते. मग दोन सुट्ट्यांनंतर १२१ मिळतो. त्यात ती अजून जिवंत आहे, आणि वाचणारा पान उलटायचे टाळतो.