कॉलमचं आयुष्य रिंगेच्या हुकावर

'भूकंपरोधक सळई' अशा जाहिराती रंगवलेल्या भिंती जागोजागी दिसतात. सळई भूकंपरोधक नसते, बांधणी असते. एफई ५०० दर्जाची सळई तुटण्याआधी किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, एफई ५००डी १६ टक्के. जाहिरातीतलं तथ्य फार तर एवढंच. कॉलम तगणार की नाही, हे बऱ्याचदा उभ्या सळयांभोवती आडवी बांधलेली ८ मिलिमीटरची रिंग ठरवते.

भूकंपात आरसीसी सांगाडा आडवा हलतो आणि कॉलमला सगळ्यात जास्त वाक बीमलगतच्या दोन टोकांशी पडतो. तिथलं काँक्रीट उभं दाबलं जातं, म्हणून आडवं फुगू पाहतं. मोकळं काँक्रीट सुमारे ०.३५ टक्के आखडलं की चुरायला लागतं. जवळजवळ बांधलेल्या रिंगांनी ते आवळलं, तर आतला गाभा त्याच्या कित्येक पट आखडूनही भार सोडत नाही. पसरणारी वाळू पोत्यात भरली की वजन पेलते, तसंच. शिवाय उभ्या सळया बाहेर फुगत नाहीत.

पण धक्क्यात ४० मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, आधी गळतं. रिंगेची टोकं ९० अंशांत वळवलेली असतील, तर ती त्या कव्हरमध्येच असतात. कव्हर गेलं की हे वळवलेलं टोक, म्हणजे हुक, उघडतो. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींत असे हुक आणि विरळ रिंगा सापडल्या. १३५ अंशांत वळवलेलं टोक मात्र गाभ्यात रुतून राहतं. भूकंपरोधक आरसीसी बांधकामाचा भारतीय कोड आयएस १३९२० (२०१६) याप्रमाणे हे टोक सळईच्या व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर हवं. फिटरला ९० अंश सोपे पडतात, कारण रिंग बाजूने अडकवता येते.

रिंगांमधल्या अंतराचं उदाहरण घेऊ. कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटर, उभ्या सळया १६ मिलिमीटरच्या, मोकळी उंची २.७ मीटर. ३०० चा चतुर्थांश ७५, सळईच्या सहापट ९६, कमाल १००. यांतलं सर्वांत लहान घ्यायचं, म्हणजे ७५ मिलिमीटरवर रिंग. वर-खाली ४५० मिलिमीटरपर्यंत अशीच दाटी, मधे, लॅप (दोन सळया एकमेकींना लागून बांधलेला जोड) नसेल तिथे, १५० चालतं. उभ्या सळयांचे लॅप या दाटीच्या पट्ट्यात नकोत, कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीत हवेत. साइटवर ते सर्रास स्लॅबला लागूनच सुरू होतात. भिंतीत लपणारा नऊ इंची कॉलम तर या कोडमध्ये बसतच नाही, किमान ३०० मिलिमीटर लागतात. ईशान्य दिशा तपासणाऱ्या घरमालकाने कॉलम भरण्याआधी टेप लावून एवढं तरी मोजावं.

सगळ्यात जास्त रिंगा गाळल्या जातात त्या बीम-कॉलमच्या जोडात. बीमच्या सळया आधी बसल्या की तिथे रिंग शिरतच नाही, म्हणून जोडातल्या रिंगा कॉलमवर अगोदरच ओवून ठेवाव्या लागतात.